कुणाच्या सहीने?

२०१९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. लंडनमध्ये बाबासाहेब ज्या घरात राहिले, तिथे संग्रहालय ठेवायला तिथल्या नगरपालिकेने मनाई केली आहे, अशी बातमी आमच्या वस्तीत येऊन धडकली. रविवारी विहारात वंदना झाल्यावर कुणी घरी गेले नाही. तरुण पोरे संतापली होती. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी होते. "आपल्या माणसाचं घर, आपल्या पैशानं घेतलेलं, आणि हे कोण नाही म्हणणारे?" असा सगळ्यांचा सवाल. शेवटी ठरले की वस्तीतल्या प्रत्येक घराची सही घेऊन लंडनच्या महापौरांना एक निवेदन पाठवायचे. निवेदन लिहायचे म्हटले की वस्तीला माझे नाव आठवते. मी एका कचेरीत कारकून आहे, बी. कॉम. झालेलो आहे, आणि गेली वीस वर्षे वस्तीचे अर्ज, विनंत्या, तक्रारी लिहितो आहे. लगेच कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवले गेले.

मी "प्रति, मा. महापौर, लंडन" एवढे लिहिले आणि माझा हात थांबला. समोर भिंतीला टेकून आमच्या गल्लीतल्या मावशी बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यांच्याकडे नजर गेली आणि मला आठ वर्षांपूर्वीची एक लाज आठवली. आज ती लाज तुमच्यापुढे सांगणार आहे, कारण ती एकट्या माझी नाही. आपल्यातल्या पुष्कळ कार्यकर्त्यांची आहे, असे मला वाटते.

आमच्या वस्तीच्या तोंडाशी, सार्वजनिक संडासाला लागून, महापालिकेची एक खोली होती. पूर्वी तिथे बालवाडी भरत असे. बालवाडी बंद पडली आणि खोलीला कुलूप लागले. बारा बाय पंधराची खोली, वर पत्रा, आत एक ट्यूबलाइट. आमच्याकडे दहा बाय दहाच्या घरात सात-सात माणसे राहतात. दहावी-बारावीची मुले रात्री संडासाच्या पायरीवर, त्या बाहेरच्या दिव्याखाली बसून अभ्यास करायची. मावशींचा धाकटा मुलगाही त्यांतच होता. मावशी कंत्राटदाराकडे सफाईचे काम करायच्या. पहाटे पाचला झाडू घेऊन निघताना मुलाची वह्या-पुस्तके पायरीवरून उचलून आणायच्या.

२०११ साली आम्ही ठरवले की ही खोली अभ्यासिकेसाठी मागायची. मी पहिला अर्ज लिहिला. पाच-सहा जण मिळून प्रभाग कार्यालयात गेलो. मावशीही आल्या होत्या. साहेबांनी अर्ज वाचला, "वरून मंजुरी लागेल" म्हणाले. तेव्हा मावशींनी पदर सावरून विचारले, "सायेब, पर हे कुनाच्या सहीनं व्हतं?"

मला त्यांचा राग आला. साहेबांसमोर असे थेट विचारणे मला अडाणीपणाचे वाटले. मी त्यांना म्हणालो, "मावशी, तुम्ही गप्प बसा, मी बोलतो ना." त्या गप्प बसल्या. मी साहेबांचे आभार मानले आणि आम्ही बाहेर आलो.

त्यानंतर तीन वर्षे मी वस्तीला घेऊन फिरलो. नगरसेविकाबाईंकडे गेलो. त्यांनी शिफारसपत्र दिले. स्थायी समितीच्या सभापतींना भेटलो. हार घातला, फोटो काढला. महापौरांना त्यांच्या दालनात निवेदन दिले, दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी छापून आल्या. जयंतीच्या कार्यक्रमात पाहुण्यांनी व्यासपीठावरून आश्वासन दिले, टाळ्या पडल्या. एकूण अकरा अर्ज झाले. प्रत्येकाची पोच माझ्याकडे फाईलला लावलेली आहे. त्या फाईलचा मला अभिमान होता. वस्तीत कुणी विचारले तर मी म्हणायचो, "प्रकरण वरपर्यंत गेलंय."

२०१४ च्या उन्हाळ्यात एक दिवस त्या खोलीचे कुलूप उघडले. आत सिमेंटच्या गोण्या आणि पाइप रचले गेले. खोली एका कंत्राटदाराला अकरा महिन्यांसाठी सामान ठेवायला दिली होती. मी धावत गेलो, भांडलो, आणि मग माहिती अधिकाराखाली अर्ज केला. महिन्याभराने उत्तर आले. त्यासोबत एका जुन्या कार्यालयीन आदेशाची प्रत होती. महापालिकेच्या रिकाम्या खोल्या अकरा महिन्यांपर्यंत तात्पुरत्या वापरायला देण्याचा अधिकार आयुक्तांनी प्रभाग कार्यालयाच्या प्रमुखांना दिलेला होता. आदेशाची तारीख आमच्या पहिल्या अर्जाच्याही चार वर्षे आधीची होती.

म्हणजे ज्या टेबलापुढे मावशींनी प्रश्न विचारला, त्याच टेबलावरची सही पुरेशी होती. महापौर नको, सभापती नको, ठराव नको, हार नको. साहेबांना ते माहीत होते की नव्हते, मी सांगू शकत नाही. पण मी विचारलेच नाही, आणि जी विचारत होती तिला मी गप्प बसवले. मावशींचा मुलगा बारावीला दोनदा नापास झाला आणि आता टेम्पो चालवतो. अभ्यासिका असती तर तो पास झालाच असता, असे मी म्हणत नाही. पण नसती झालेली तीन वर्षांची पायपीट त्याच्या कामी आली असती, एवढे नक्की. मावशींनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. तेच जास्त लागते.

म्हणून त्या रविवारी लंडनच्या महापौरांचे नाव लिहून माझा हात थांबला. मी वस्तीला म्हणालो, "मला पंधरा दिवस द्या. आधी बघू या, हा निर्णय कुणाच्या सहीने होतो." काही पोरे चिडली. मावशी तेवढ्या हसल्या.

पुतण्या मोबाइलवर कागद शोधून द्यायचा, मी शब्दकोश घेऊन रात्री वाचायचो. जे कळले ते साध्या भाषेत सांगतो, कारण त्यात आपल्यालाही शिकण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे लंडन ही एक महापालिका नाही. तिथे ३२ बरो आहेत, आणि जुन्या शहराची 'सिटी' वेगळी. प्रत्येक बरोची स्वतःची कौन्सिल असते. बाबासाहेबांचे घर १०, किंग हेन्रीज रोड हे कॅम्डेन बरोमध्ये येते. सगळ्या लंडनचा महापौर वेगळा, त्याचे काम वेगळे. एका घराचा वापर बदलू द्यायचा की नाही, हे त्याच्या दारातले काम नव्हे. आमचे निवेदन पहिल्याच पायरीवर चुकीच्या दारात पडणार होते.

मग कॅम्डेनमध्ये निर्णय कोण घेते? इंग्लंडमध्ये २००० सालापर्यंत नगरपालिकांचे काम समित्यांमार्फत चालत असे. शिक्षणाची समिती, घरांची समिती, रस्त्यांची समिती. २००० सालच्या कायद्याने बहुतेक ठिकाणी मंत्रिमंडळाची पद्धत आली. निवडून आलेले सगळे नगरसेवक मिळून एक नेता निवडतात, त्याला ते लीडर म्हणतात. लीडर नगरसेवकांतून आपले मंत्रिमंडळ, म्हणजे कॅबिनेट नेमतो. कायद्याने लीडरसकट ते दहा जणांपेक्षा मोठे असता येत नाही. एकाकडे घरांचा विषय, एकाकडे पैशाचा, एकाकडे मुलांचा, अशी वाटणी होते. काही शहरांत लोकच थेट महापौर निवडतात आणि तो कॅबिनेट नेमतो.

आता अधिकाराची वाटणी पाहा. आपल्या एकत्र कुटुंबाचा दाखला घेतो. वर्षाचा खर्च किती करायचा, कर्ज काढायचे की नाही, हे सगळे घर बसून ठरवते. तिथे ते काम पूर्ण सभेचे. वर्षाचे अंदाजपत्रक, कर किती लावायचा, मोठी धोरणे, हे पूर्ण सभाच मंजूर करते. त्या चौकटीत राहून घर चालवायचे काम कॅबिनेटचे. पण घरातली आई प्रत्येक वेळी स्वतः बाजारात जात नाही. ती थोरलीच्या हातात पिशवी आणि पैसे देते, "भाजी तू बघ" म्हणते. तसे लीडर ठरवतो की अमुक निर्णय सगळे कॅबिनेट बसून घेईल, तमुक एकटा सदस्य घेईल, आणि तमुक अधिकारी घेईल. सदस्यही आपल्याकडचा अधिकार पुढे अधिकाऱ्याला देऊ शकतो. याला आपल्या सरकारी मराठीत अधिकारांचे प्रत्यायोजन म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ पिशवीचाच.

पिशवी दिली म्हणून आईचे घरपण जात नाही. अधिकार दिल्यावरही देणाऱ्याला तो परत हातात घेता येतो. "मी तर खाली दिलं होतं, मला काय माहीत" असे म्हणून मोकळे होता येत नाही. कोणाला कोणता अधिकार दिला, किती रकमेपर्यंत दिला, हे कौन्सिलच्या घटनेत लिहून ठेवलेले असते आणि कुणालाही ते वाचता येते. त्या दोन ओळी मी वाचल्या तेव्हा मला आमचा तो कार्यालयीन आदेश आठवला. तोही लिहिलेलाच होता, पण कपाटात.

मोठ्या निर्णयांना तिथे आणखी एक बंधन आहे. ज्यात मोठा पैसा आहे, किंवा ज्याचा परिणाम दोन किंवा अधिक प्रभागांतल्या लोकांवर ठळकपणे होणार आहे, त्याला ते कळीचा निर्णय मानतात. असा निर्णय घेण्याआधी किमान २८ दिवस तो जाहीर करावा लागतो : विषय काय, निर्णय कोण घेणार, केव्हा घेणार, कोणते कागद पाहून घेणार. फार तातडीचे असेल तर वेगळी वाट आहे, पण त्याचेही कारण लिहावे लागते. निर्णय झाल्यावर तो कारणांसकट नोंदवावा लागतो. दुसरे कोणते मार्ग पाहिले आणि ते का सोडले, हेही लिहावे लागते. आणि कॅबिनेटमध्ये नसलेल्या नगरसेवकांची एक तपासणी समिती असते. निर्णय अमलात येण्याआधी ती तो अडवून धरू शकते आणि कॅबिनेटला सांगू शकते, "पुन्हा विचार करा." बदलायचा की नाही, हे शेवटी निर्णय घेणाऱ्याच्याच हातात राहते. पण त्याला चारचौघांत उत्तर द्यावे लागते.

आता आपल्या घराकडे येऊ. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला त्यांचा तो अर्धपोटी अभ्यासाचा काळ. महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ साली विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पण घर कागदोपत्री राहते घर होते. त्याचे संग्रहालय करायचे तर वापर बदलण्याची परवानगी आधी घ्यायला हवी होती. ती घेतली नव्हती. २०१८ साली मागाहून अर्ज केला, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये कौन्सिलने तो फेटाळला. कारण लेखी दिले होते : राहण्याची एक जागा कमी होते, आणि घरांची टंचाई असलेल्या शहरात ते धोरणात बसत नाही. काही शेजाऱ्यांनी गर्दीची आणि आवाजाची तक्रारही केली होती.

इथे मला सर्वांत मोठा धडा मिळाला. बांधकामाची, जागेच्या वापराची परवानगी हा विषय कायद्याने कॅबिनेटच्या हातातच ठेवलेला नाही. लीडरला वाटले तरी तो कॅबिनेटमध्ये बसून "हे घर होऊ द्या" असे म्हणू शकत नाही. असे अर्ज नगरसेवकांच्या वेगळ्या नियोजन समितीकडे किंवा त्या समितीने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडे जातात. तिथे पक्षाचा हुकूम चालू नये, दोन्ही बाजू ऐकून धोरणाच्या कसोटीवर निकाल व्हावा, हा हेतू. म्हणजे आम्ही महापौर सोडून कॅम्डेनच्या लीडरला लिहिले असते तरी दार चुकलेच असते. परवानगी नाकारली तर अपील कुठे करायचे हे ठरलेले असते, आणि तसे अपील महाराष्ट्र शासनातर्फे झालेही होते. सप्टेंबर २०१९ मध्ये त्याची जाहीर चौकशी ठेवली होती.

पंधरा दिवसांनी मी विहारात हे सगळे सांगितले. एक तरुण म्हणाला, "म्हणजे काका, त्यांची बाजू बरोबर?" मी म्हणालो, "बरोबर की चूक ते अपिलात ठरेल. पण त्यांनी कारण लिहून दिलंय. म्हणून त्या कारणावर उत्तर देता येतं. आपल्याला आपल्या खोलीचं कारण कुणी लिहून दिलं होतं का?" कुणी काही बोलले नाही. मग आम्ही महापौरांचे निवेदन फाडले आणि एक पानाचे पत्र राज्य शासनाला लिहिले. घराचे मालक तेच, अपीलही त्यांच्यातर्फे झालेले. पत्रात राग नव्हता. राहत्या जागेच्या मुद्द्याला उत्तर द्या, या घराचे मोल केवळ आमच्यासाठी नाही हे पटवा, एवढेच लिहिले. आमच्या पत्राने काही घडले असा दावा मी करत नाही. पण त्या पत्राचा पत्ता बरोबर होता, हे समाधान मला आयुष्यात प्रथमच मिळाले. १२ मार्च २०२० रोजी तिथल्या केंद्रीय मंत्र्यांनी अपील मंजूर केले आणि संग्रहालयाला परवानगी मिळाली. पेढे वाटायचे ठरले होते, पण तोवर टाळेबंदी आली.

तिकडचे सारेच चांगले आणि आपले सारे वाईट, असे सांगायला मी बसलेलो नाही. कॅबिनेट पद्धतीवर तिथलेच लोक नाराज आहेत. दहा माणसे ठरवतात, बाकीचे निवडून आलेले नगरसेवक नुसते बघत बसतात, ही तक्रार जुनी आहे. शेफिल्ड शहरात लोकांनी सह्या गोळा करून मतदान घ्यायला लावले. २०२१ साली लोकांनी कौल दिला आणि पुढच्या वर्षी तिथे पुन्हा समित्यांची पद्धत आली. ब्रिस्टलने २०२२ साली मतदान करून थेट निवडलेला महापौर बंद केला, आणि २०२४ पासून तिथेही समित्या आल्या. शिवाय २८ दिवसांची सूचना संगणकावर लावली, म्हणून कामावरून थकून आलेला गरीब माणूस ती वाचतोच असे नाही. कागद उघडा असणे वेगळे आणि तो आपल्यापर्यंत पोचणे वेगळे.

मंत्रिमंडळाचा हा प्रयोग आपल्याकडेही झाला आहे, हे पुष्कळांना आठवत नसेल. कोलकात्यात १९८० च्या कायद्याने मेयर-इन-कौन्सिल, म्हणजे महापौर परिषद आली. महापौर आणि त्याने नेमलेले सदस्य मिळून तिथे कारभार चालवतात. महाराष्ट्रात १९९८ साली मुंबई आणि नागपूर महापालिकांत ही पद्धत आणली, आणि १९९९ साली ती गुंडाळलीही. मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या चाळीत कुणाला त्याचा पत्ताही लागला नाही. आले केव्हा आणि गेले केव्हा, आपल्याला विचारले केव्हा?

आज आपल्या महापालिकांत काय आहे? महापौर सभेचे अध्यक्ष, मान मोठा, पण कारभाराच्या सह्या त्यांच्याकडे फार थोड्या. अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्तांना नेमते राज्य शासन. ठरावीक रकमेवरची कंत्राटे स्थायी समितीच्या मंजुरीने. धोरण, कर, अंदाजपत्रक महासभेत. आणि आयुक्त आपले कितीतरी अधिकार लेखी आदेशाने उपायुक्त, सहायक आयुक्त, खातेप्रमुख यांना देतात. नळाची जोडणी, गटाराची सफाई, दिव्याचा खांब, खोलीचा वापर, आपल्या रोजच्या जगण्याचे विषय बहुतेक याच खालच्या सह्यांवर चालतात. आपण मात्र वरच्या माणसांना हार घालत बसतो. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली. त्यानंतर काही वर्षे निवडून आलेली सभाच नव्हती. आयुक्त हेच प्रशासक होते. प्रस्ताव मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. पिशवी देणारी आईच घरात नसावी, तशी ती अवस्था.

बंधू-भगिनींनो, ठराव झाला म्हणजे काम झाले, हा भ्रम आपल्या समाजाने तरी बाळगू नये. आपल्या इतिहासात त्याचा फार मोठा धडा आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. कागदावर तळे आपले झाले. पण तळ्यावर कोणी उभे राहायचे, अडवणाऱ्याला कोणी अडवायचे, आपला माणूस पाणी प्यायला गेला तर त्याच्या पाठीशी कोणत्या अधिकाऱ्याने राहायचे, याची जबाबदारी कुणी घेतली नाही. तीन वर्षे ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले तेव्हा त्या ठरावाची खरी अंमलबजावणी झाली, तीही मार खाऊन. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ज्या हातांनी दिले त्याच हातांनी काढून घेतले. पुढे दहा वर्षे कोर्टात लढून १९३७ साली हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. निर्णय कोणी घेतला, अंमल कोणावर सोपवला आणि तो कोण फिरवू शकतो, हे तीन प्रश्न महाडच्या पाण्याने आपल्याला शिकवले आहेत. आपण पाण्याची आठवण दरवर्षी करतो, प्रश्न विसरतो.

आज आपल्या हातात साधन आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात लिहिले आहे, की प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपल्या अधिकाऱ्यांचे अधिकार आणि कर्तव्ये, आणि निर्णय कोणत्या पायऱ्यांनी होतो, हे स्वतःहून जाहीर करावे. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणे द्यावीत, हेही त्याच कलमात आहे. कुणाच्या मेहरबानीची गरज नाही. अर्ज लिहिण्याआधी एक साधा अर्ज करायचा : या कामाचा निर्णय घेण्याचा अधिकार कोणाला आहे, कोणत्या आदेशाने आहे, त्या आदेशाची प्रत द्या.

टाळेबंदी उठल्यावर आम्ही विहारात एक वही ठेवली. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी. डाव्या पानावर काम, उजव्या पानावर चार रकाने : सही कुणाची, कोणत्या आदेशाने, किती रकमेपर्यंत, किती दिवसांत. पहिल्या दोन पानांना वर्ष लागले. आता वीसेक पाने भरली आहेत. महिला मंडळाच्या बायका नळाच्या कामाला जाताना वहीतला आकडा लिहून नेतात. एकदा कार्यालयातल्या बाबूने "वर विचारावं लागेल" म्हटले, तर आमच्या एका सुनेने आदेशाचा क्रमांक आणि तारीख सांगितली. बाबूने चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि अर्ज घेतला. प्रत्येक वेळी असे होते असे नाही. कामे अजूनही रखडतात. पण आता निदान आम्हांला माहीत असते, की ती कुठे रखडली आहेत.

ती खोली गेल्या वर्षी आम्हांला मिळाली. अकरा महिन्यांसाठी, मुदत वाढवून घेण्याच्या अटीवर. संध्याकाळी सातला मुले येतात. कुलपाची किल्ली मावशींकडे असते. त्यांचा मुलगा टेम्पो लावून कधी दाराशी येतो, आत डोकावतो आणि घरी जातो. त्याची थोरली पोर आता आठवीत आहे, ती खिडकीजवळ बसते.

मंजुरीचा कागद आणायला गेलो तेव्हा मावशी माझ्याबरोबर होत्या. साहेब नवे होते. कागद हातात आल्यावर मी तो मावशींपुढे धरला आणि खाली बोट ठेवून म्हणालो, "मावशी, ह्या सहीनं."

त्यांनी कागदाकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "एवढीशीच व्हय?"